मुंबई-दिल्ली: उडायला दीड तास, पोचायला सव्वादोन

मुंबई ते दिल्ली हे हवाई अंतर सरळ रेषेत मोजलं तर साधारण ११५० किलोमीटर भरतं. राजधानी एक्स्प्रेसला हाच पल्ला वडोदरा, रतलाम, कोटा करत १३८५ किलोमीटरच्या आसपास पडतो आणि त्यात अख्खी रात्र जाते. विमानाचा वेग ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटर. शाळकरी पोरही भागाकार करून सांगेल, की दीड तास पुरे. तरी तिकिटावर सव्वादोन तास छापलेले असतात. मधला पाऊण तास जातो कुठे?

त्यातला बराचसा जमिनीवरच जातो. तिकिटावरची सुटण्याची वेळ ही उड्डाणाची वेळ नसते. चाकांना लावलेले ठोकळे काढून ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलू लागला, की घड्याळ सुरू होतं. दिल्लीत विमान ठरल्या जागी उभं राहून पुन्हा ठोकळे लागले, की थांबतं. याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. धावपट्टीकडे जाणाऱ्या विमानांची रांग त्यातच आली. दिल्लीला धावपट्ट्या चार, पण एखाद्या लांबच्या पट्टीवर उतरलात तर टर्मिनल गाठेपर्यंत विमान पंधरा-वीस मिनिटं नुसतं रस्ता तुडवत राहतं. चाकं टेकताक्षणी बॅगा काढायला उठणाऱ्यांना हे कोण सांगणार!

परतीच्या प्रवासात मुंबईचं दुखणं वेगळं. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी विमानं आकाशात घिरट्या घालतात. हा खोळंबा ४० ते ६० मिनिटांवर गेल्याचं सांगत सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीच्या तासांतली विमानांची ये-जा ताशी ४६ वरून ४४ वर आणायला लावली.

विमान कंपन्या हे सगळं ओळखून वेळापत्रकात आधीच काही मिनिटं जास्तीची घालून ठेवतात. शिवाय १५ मिनिटांपर्यंतचा उशीर सरकारी हिशेबात उशीर धरला जात नाही. तेव्हा ‘आपण दहा मिनिटं आधी पोचलो’ ही घोषणा ऐकून हुरळून जाऊ नये. पुष्कळदा विमान वेगाने आलेलं नसतं, वेळापत्रकच सैल असतं.

लांबच्या प्रवासात आणखी एक भिडू खेळात उतरतो, तो म्हणजे वारा. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरकस वारे वाहतात. म्हणून मुंबईहून लंडनला जायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा यायला कमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटरवर गेलं. वाऱ्याने पाठीवर घेतल्यामुळे प्रवास मात्र साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर आटोपला. चौदाशे किलोमीटर जास्त उडून वेळ वाचला.

इंटरनेटवर दोन शहरांची नावं टाकली की मिळणारा उड्डाणाचा वेळ बहुधा अंतर भागिले वेग एवढाच असतो. पुढचं विमान किंवा गाडी गाठायची असेल तर त्यावर विसंबू नका, तिकिटावरची पोचण्याची वेळ धरा आणि वर तासभर ठेवा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. घरून निघण्यापूर्वी तिकिटावर ‘बीओएम’ (मुंबई) आहे की ‘एनएमआय’ (नवी मुंबई), तेही एकदा पाहून घ्या.