नापास होण्याची किंमत

परतवाड्याहून धारणीकडे जाणारी एस.टी. घाट ओलांडून सिपना नदीच्या काठी सेमाडोहला पोहोचते. मेळघाटातील या गावातून किंवा आसपासच्या खेड्यांतून एखादी कोरकू मुलगी परतवाड्याच्या वा अमरावतीच्या महाविद्यालयात दाखल होते, तेव्हा महाविद्यालयाची पायरी चढणारी ती बहुधा घरातील पहिलीच व्यक्ती असते. घरी कोरकू, शाळेत मराठी आणि आता पाठ्यपुस्तकांतून डोकावणारी इंग्रजी परिभाषा, असा तीन भाषांचा प्रवास तिने केलेला असतो. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठी-हिंदीशी तिचे कुळाचे नाते नाही. शाळेच्या पहिल्या वर्षीच या मुलीने केवढी मजल मारली, याची कल्पना घरात मराठी बोलत वाढलेल्या विद्यार्थ्याला येणे कठीण. तरीही पहिल्या सत्राच्या निकालात एका विषयासमोर अनुत्तीर्णाचा शेरा दिसला, की तिचा निष्कर्ष ठरलेला असतो : 'आपल्याच्यानं हे होत नाही.'

या वाक्यातील 'आपल्या' हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. ती 'माझ्याच्यानं' म्हणत नाही. एका प्रश्नपत्रिकेने दिलेला निकाल ती स्वतःपुरता ठेवत नाही. आईबाप, गाव, जमात या सर्वांच्या वतीने तो स्वीकारून मोकळी होते. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या मुलाच्या हाती तेच गुणपत्रक पडले तर काय होते? घरात थोडी आदळआपट होते. मग वडील पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची चौकशी करतात, काकांना कोणी प्राध्यापक माहीत असतात, आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी आई सहज सांगून जाते, की तिचेही पहिल्या वर्षी इंग्रजी राहिले होते. मार्क तेवढेच, पण त्यांचा अर्थ लावणारे कोणीतरी एका घरात आहे, दुसऱ्या घरात नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला असून २००६ साली त्यांचे 'माइंडसेट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. बुद्धी ही जन्मतः मोजून मिळालेली वस्तू आहे, अशी काहींची समजूत असते. तर ती प्रयत्नाने, योग्य रीतीने आणि इतरांच्या साहाय्याने वाढते, अशी दुसऱ्या काहींची. पहिल्या वृत्तीला स्थितिशील आणि दुसरीला वर्धिष्णू म्हणता येईल. ड्वेक आणि त्यांच्या सहकारी क्लॉडिया म्यूलर यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की 'तू हुशार आहेस' अशी वाखाणणी झालेली मुले पुढे अवघड प्रश्न येताच खचली. ज्यांच्या मेहनतीची वाखाणणी झाली, ती चिकाटीने टिकली. आमच्या वर्गांतून 'हा मूळचाच हुशार' आणि 'याचे डोकेच चालत नाही' हे दोन शेरे किती सहजपणे दिले जातात, हे आठवले म्हणजे या प्रयोगांचे महत्त्व ध्यानी येते.

परंतु येथेच एक सोपी पळवाटही निघते. वृत्तीच बदलायची ना, मग व्याख्याने ठेवा! पाहुणे येतात, हारतुरे होतात, 'प्रयत्नांती परमेश्वर' सांगितले जाते आणि टाळ्या वाजवून मुले वसतिगृहावर परततात. जिने शाळेसाठी घर सोडून आश्रमशाळेत वर्षे काढली, तिला प्रयत्नाचे माहात्म्य सांगणे हा एक विनोदच म्हणावा लागेल. केवळ संदेशाने काय साधते, याचाही हिशेब आता उपलब्ध आहे. 'नेचर' या नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाहणीत नववीच्या सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांना तासाभराहूनही कमी वेळाचा असा पाठ देण्यात आला. मागे पडलेल्या मुलांचे गुण त्यामुळे वाढले; पण ती वाढ बेताची होती, आणि जेथे बरोबरीच्या मुलांचे वातावरण त्या संदेशाला पोषक होते तेथेच ती विशेष दिसली. म्हणजे बी चांगले असले तरी जमिनीचा प्रश्न उरतोच.

जमीन कशी असते, हे आपल्याच देशातील एका प्रयोगाने दाखविले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांमधील शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली; २००४ साली त्यांचा निबंध जागतिक बँकेने प्रसिद्ध केला. कोणाची जात कोणती हे जाहीर केले नव्हते, तेव्हा तथाकथित उच्च आणि नीच जातींच्या मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. सर्वांसमक्ष नाव आणि जात पुकारण्यात आली, तेव्हा खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुले तशाच वयाची, कोडी तीच. बदलली ती फक्त एक घोषणा. भर वर्गात 'शिष्यवृत्तीवाल्यांनी उभे राहा' असे पुकारणाऱ्या कारकुनाला आणि प्राध्यापकाला आपण नेमके काय करीत आहोत, याचा क्वचितच पत्ता असतो.

आणि मग प्रश्न येतो किमतीचा. हिवाळी परीक्षेचे दिवस आणि सपाटीवरील कापूस वेचणीचा हंगाम एकाच सुमारास येतात. मेळघाटातील कुटुंबे कामासाठी खाली उतरतात आणि होळीला गावी परततात. शिकणारी मुलगी म्हणजे या हंगामातील कमी झालेले दोन हात. ही बुडालेली मजुरी कोणत्याही शुल्काच्या पावतीवर दिसत नाही, पण घर ती दरवर्षी भरीत असते. राहिलेले विषय साचून वर्ष वाया गेले, तर ती रक्कम दुप्पट होते. त्यात भर नियमांची. शिष्यवृत्तीचे नूतनीकरण साधारणतः पुढच्या वर्गात जाण्याशी बांधलेले असते, वसतिगृहातील जागाही प्रगती पाहूनच चालू राहते. ज्या वर्षी आधाराची गरज सर्वांत अधिक, नेमके त्याच वर्षी तो काढून घेतला जातो. सुखवस्तू घरातील मुलाला चुकणे परवडते, म्हणून तो चुकीतून शिकू शकतो. सेमाडोहच्या मुलीला एकच चूक परवडते, म्हणून ती जोखमीचा विषयच घेत नाही. याला तिची वृत्ती म्हणणे हा अन्याय आहे. तो तिने बिनचूक मांडलेला हिशेब आहे.

वऱ्हाडला ही गोष्ट नवी नाही. १८९८ साली पापळ या खेड्यात जन्मलेले पंजाबराव देशमुख परदेशात उच्च शिक्षण घेऊन परतले, ते केवळ उपदेश करीत बसले नाहीत. त्यांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालविले आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. छात्रालयात खेड्यातल्या मुलाला जेवण आणि छप्पर तर मिळतेच. पण आपल्यासारखाच एक मुलगा गेल्या वर्षी नापास झाला आणि यंदा पुढे गेला, हे त्याला शेजारच्या सतरंजीवर दिसते.

हेच सूत्र २०१४ साली अमेरिकेत निकोल स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिले. पहिल्या पिढीतील नवागतांना त्यांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांचे तासाभराचे अनुभवकथन ऐकविले. आपल्या पार्श्वभूमीमुळे कोणत्या अडचणी आल्या आणि नेमके काय करून त्या ओलांडल्या, हे त्यांनी स्पष्ट सांगायचे होते. वर्षअखेरीस सुशिक्षित घरांतील मुले आणि ही मुले यांच्या गुणांतील दरी निम्म्याहून अधिक कमी झाली होती. व्याख्याता आणि ताई-दादा यांत फरक असतो, तो हा.

प्राध्यापकाच्या हातातही बरेच काही आहे, आणि त्यासाठी अनुदान लागत नाही. प्रवेशानंतर तीन-चार आठवड्यांतच एखादी छोटी चाचणी घ्यावी, जिचे गुण कोठेही धरले जाणार नाहीत. म्हणजे पहिले अपयश फुकटात पदरी पडेल. उत्तरपत्रिका परत द्यावी आणि तिच्यावर केवळ आकडा न लिहिता कोणते वाक्य कमी पडले ते लिहावे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला मेहनत ठाऊक असते, पण परीक्षेच्या उत्तराचा साचा ठाऊक नसतो. मागणीचा नियम तिला समजलेला असतो. आकृती काढून अक्षांना नावे दिल्यावाचून गुण मिळत नाहीत, हे तिला कोणी सांगितलेले नसते. तिला जे येत नाही ते बुद्धीअभावी नव्हे, हे तिला उपदेशाने पटणार नाही. दुसऱ्या चाचणीत तोच प्रश्न सुटला, की आपोआप पटते. शंका विचारायला प्राध्यापकांच्या खोलीत जाता येते, हेसुद्धा अनेकांना दुसऱ्या वर्षी कळते.

नियमांचे मात्र प्राध्यापकाच्या हाती नाही. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती आणि खाट निदान एक वर्ष राखून ठेवण्याचा खर्च शासनाला झेपणार नाही, असे नाही. पहिल्या दोन वर्षांवर केलेला खर्च तिसऱ्या वर्षी वाया घालविण्यापेक्षा तो स्वस्तच पडेल. इकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची दारे उघडली आहेत. ज्याला परत येता येते त्याच्यासाठी ती सोय आहे. सेमाडोहची मुलगी राहिलेला विषय कसाबसा काढून वर्षअखेरीस परतीच्या एस.टी.त बसली, तर कागदोपत्री ती गळतीत मोजली जाणार नाही. प्रमाणपत्रधारकांत मोजली जाईल.