डोंगराचें प्रतिबिंब आणि पाण्याची साक्ष

अंबरनाथची कारखान्यांची वसाहत मागें टाकून दक्षिणेकडे पाहिलें म्हणजे मलंगगडाची रांग दृष्टीस पडते. त्याच बाजूस काकोळे येथें ‘जी. आय. पी.’ नांवाचा तलाव आहे. हें नांव जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवरून पडलें. सूर्यास्ताच्या सुमारास अशा जलाशयांत डोंगर उलटा उतरलेला पाहून कोणासही त्याचें छायाचित्र घेण्याचा मोह होतो. मोह चांगला आहे. मात्र तें चित्र कसें साधतें आणि तें कशाची साक्ष देतें, हें दोन्ही समजून घेतलें पाहिजे.

पाण्यावर प्रकाश सरळ वरून पडला तर त्याचे १०० पैकीं अवघे २ भाग परततात. बाकीचे आंत शिरतात. किरण जितका तिरपा, तितकें परावर्तन अधिक. पृष्ठभागाशीं १० अंशांचा कोन असतां सुमारे ३५ भाग परततात. म्हणूनच आपल्या पायांजवळच्या पाण्यांत तळ दिसतो आणि दूरच्या पाण्यांत डोंगर दिसतो.

कॅमेरा पाण्यापासून जितका वर असेल, तितकेंच खालीं जाऊन पाहिल्याप्रमाणें प्रतिबिंब दिसतें. यास्तव उंच बांधावरून पाहिलें असतां पलीकडच्या काठावरील झाडें डोंगराच्या प्रतिबिंबाचा बराच भाग झांकून टाकतात. काठाशीं बसून कॅमेरा पाण्याजवळ आणावा, म्हणजे ही अडचण कमी होते. मात्र जेथें जाण्याची मोकळीक आहे अशाच सुरक्षित जागीं बसावें.

प्रतिबिंब मूळ दृश्यापेक्षां नेहमीं मंद असतें. आकाशाचा उजेड पाहून प्रकाश बेतावा, नाहीं तर ढगांचे रंग पांढरे पडून कायमचे जातात. कॅमेऱ्याची नजर पाण्यावर नव्हे, डोंगरावर जुळवावी. कारण प्रतिबिंबही डोंगराइतकेंच दूर असतें. मोबाईलनें चित्र घेतांनाही हाच नियम पाळावा. भिंगावर पोलरायझर असल्यास तो काढावा. त्यानें प्रतिबिंब फिकें होतें.

वारा हा या कामांतला मोठा शत्रु. प्रत्येक लहान लाट हा एक कललेला आरसाच असतो; त्यामुळें शिखर उभ्या रेघांत ओढलें जातें. आपल्या कोंकणपट्टींत दुपारीं समुद्रावरून येणारा वारा सायंकाळीं मंदावूं लागतो. सूर्य बुडाल्यावर कामापुरता उजेड वीसेक मिनिटेंच टिकतो. तेवढ्या वेळांत तिपाईवर कॅमेरा ठेवून धीरानें काम करावें. सूर्य डिसेंबरांत पश्चिमेच्या दक्षिणेस सुमारे २५ अंशांवर मावळतो, जूनमध्यें तितकाच उत्तरेस. म्हणून एकाच काठावरचीं दोन ऋतूंतलीं चित्रें निराळीं येतात.

आतां मुख्य गोष्ट. प्रतिबिंब हें केवळ पृष्ठभागाचें काम आहे. खालच्या पाण्याच्या शुद्धतेशीं त्याचा संबंध नाहीं. उलट पाणी काळें असेल तर आंतून येणारा उजेड नसल्यामुळें प्रतिबिंब अधिकच उठून दिसतें. वालधुनी नदी काकोळ्याच्या बाजूनें निघते, शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेल्या अंबरनाथाच्या शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणनजीक उल्हास नदीस मिळते. वाटेंत तिला शहराचें व कारखान्यांचें सांडपाणी मिळून ती मलिन झाली आहे. तरीही जेथें तिचें पाणी संथ आहे, तेथें सायंकाळचें आकाश तिच्यांत सोन्यासारखें उतरतें. कॅमेऱ्यास नाक नाहीं; असें चित्र पाहणारा सहज फसेल.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस सूचना अशी कीं, सुंदर चित्र अवश्य घ्यावें, पण त्याच जागीं दुसरेंही घ्यावें. मघांशीं काढून ठेवलेला पोलरायझर आतां बसवावा, उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंश कोन करून जवळच्या पाण्याकडे पाहावें आणि कांच फिरवावी. चकाकी नाहींशी होऊन पाण्यांत काय आहे तें दिसूं लागेल. दोन्ही चित्रांखालीं स्थळ, दिनांक व वेळ लिहावी आणि पुढील वर्षीं तेथेंच पुन्हां जावें. अशीं जोडचित्रें दरवर्षीं सांठत गेलीं, तर आपल्या नदीची व तलावांची प्रकृति सुधारली कीं बिघडली, हें कोणासही डोळ्यांनीं पाहतां येईल.