पाण्यातली म्हैस, वहीतली म्हैस

सहावीच्या फळ्यावर दोनच शब्द लिहिले, 'गाय' आणि 'म्हैस'. म्हटलं, "दोघींत सारखं काय, वेगळं काय, एक परिच्छेद लिहा." आमची शाळा पंढरपूर तालुक्यातल्या एका वस्तीवरची. वर्गातली निम्मी पोरं सकाळी शेणघाण काढून, डेअरीला दूध घालून मग दप्तर उचलतात. वाटलं, आज पानं पुरायची नाहीत.

पानं भरली खरी, पण गाईडातल्या वाक्यांनी. 'गाय हा अत्यंत उपयुक्त पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते.' खाली गायीच्या जागी म्हैस घालून पुन्हा तेच. एका खुंट्याला बांधलेले दोन निबंध, पण एकमेकांकडे पाठ फिरवून उभे. एकानं तर लिहिलं होतं, 'गायीचा रंग पांढरा असतो, पण म्हैस पाण्यात बसते.' पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल म्हणतात, ते हेच. रोज हातानं वैरण घालतात ती म्हैस या पोरांनी वहीत आणलीच नव्हती. लिहिताना ती खोल पाण्यातच राहिली.

दुसऱ्या दिवशी वह्या मिटायला लावल्या आणि शाळेमागच्या गोठ्यात गेलो. मालकीणबाईंना आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. गोठ्यात एक खिल्लार गाय, शेजारी पंढरपुरी म्हैस. अट एकच घातली. एकीचं जे सांगाल, तेच लगेच दुसरीत शोधायचं.

"बाई, गायीला वशिंड हाय."

"म्हशीला?"

"न्हाई. तिची पाठ सरळ."

"गायीच्या गळ्याखाली पोळी लोंबतीय. म्हशीचा गळा रिकामाच."

मग शिंगांवरून जुंपली. एक जण म्हणाला, "म्हशीची शिंगं गायीपेक्षा लांब." मी विचारलं, "गायीपेक्षा? नाकापासून शेपटीपर्यंत अख्ख्या गायीपेक्षा?" सगळे हसले. त्यानं स्वतःच सुधारलं, "गायीच्या शिंगांपेक्षा." या एका 'शिंगां'साठी मी वर्षानुवर्षं लाल पेन झिजवलंय. गोठ्यात तो एका हशात बसला. 'गायीपेक्षा म्हशीचं दूध घट्ट' असं आपण मोठी माणसंही सर्रास बोलतो. बोलताना चालून जातं. लिहिताना मात्र शिंगांपुढे शिंगं आणि दुधापुढे दूधच उभं करावं लागतं.

भांडण तरी मिटलं नव्हतं. खिल्लारीची शिंगंही काही कमी लांब नसतात. बराच वेळ बघून एक मुलगी म्हणाली, "बाई, लांबीचं सोडा. गायीची आभाळाकडं चाललीत, म्हशीची पाठीकडं." खरंच होतं. खिल्लारीची शिंगं कमान घेऊन वर टोक काढतात, तर पंढरपुरीची मागे वळून पार खांद्यापलीकडे पोचतात. मुद्दा लांबीचा नव्हता, दिशेचा होता. तो गाईडात सापडणार नाही, कारण गाईडातल्या गायीला नुसती 'दोन शिंगे' असतात.

वर्गात परतल्यावर फळ्यावर तीन रकाने आखले. मुलं नेहमी दोनच आखतात, एक गायीचा, एक म्हशीचा. घोडं तिथंच अडतं. मी डावीकडे तिसरा वाढवला आणि वर लिहिलं 'मुद्दा'. त्यात शब्द नसेल, तर पुढचे दोन्ही रकाने रिकामे ठेवायचे. 'पांढरी' लिहिलंस? मग मुद्दा 'रंग'. आता म्हशीचाही रंगच सांगायचा, तिचं पाण्यात बसणं नाही.

रकाने भरायला लागले, तशी मुलं घरचं धन बाहेर काढू लागली. आवाज: गाय हंबरते, म्हैस रेकते. पिल्लू: वासरू, रेडकू. गाभणकाळ: गायीचा साधारण 280 दिवस, म्हशीचा 310 च्या आसपास. हा आकडा मी सांगण्याआधीच एक जण म्हणाला, "म्हशीला म्हैनाभर जास्त लागतो, आजा सांगतो." दुधाच्या मुद्द्यावर एकानं खिशातून डेअरीच्या दोन चुरगळलेल्या पावत्या काढल्या. गायीची फॅट 3.8, म्हशीची 7.1. दर ठरवताना गायीच्या दुधाला 3.5 आणि म्हशीच्या दुधाला 6 फॅट धरतात, हेही त्यालाच पाठ. परिच्छेदाला पुरावा लागतो, हे मला शिकवावंच लागलं नाही.

दुधाच्या रंगापाशी थोडी मदत केली. हिरव्या चाऱ्यातलं पिवळसर कॅरोटिन गायीच्या दुधात काही प्रमाणात तसंच उतरतं. म्हैस मात्र त्याचं जवळजवळ सगळं 'अ' जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरंशुभ्र.

मग मागच्या बाकावरून आलं, "गाय गरीब असते, तर म्हैस आळशी." रचना बिनचूक, 'तर'सुद्धा जागेवर. विचारलं, "आळशी कशावरून?" "दिवसभर पाण्यात पडते." मग मी कारण सांगितलं. म्हशीची कातडी काळी, अंगावर केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गायीच्यापेक्षा कितीतरी कमी. उन्हात तिची काहिली होते, म्हणून ती पाणी नाही तर चिखल शोधते. त्यानं थोडा विचार केला आणि 'आळशी' खोडून लिहिलं, 'म्हशीला ऊन सोसत नाही.' फरक सांगणं वेगळं, दोष देणं वेगळं. कारण सापडलं की दोष आपोआप गळून पडतो.

राहिले जोडशब्द. 'गाय रवंथ करते, पण म्हैसही रवंथ करते' हे वाक्य पाच वह्यांत होतं. मी म्हटलं, "'पण'ला भांडण लागतं. इथं भांडण कुठंय?" सारखेपणासाठी 'दोघीही' दिला. दोघीही रवंथ करतात, दोघींनाही पुढचे वरचे दात नसतात. फरकासाठी 'तर', 'मात्र' आणि 'उलट' दिले. आणि बजावलं, दहा मुद्दे कोंबू नका. तीनच निवडा, पण प्रत्येकाला दोघींच्या दारात नेऊन आणा. सगळी गाय आधी आणि सगळी म्हैस नंतर, अशीही रचना करता येते, पण म्हशीपाशी पोचेपर्यंत वाचणारा गाय विसरतो. एका परिच्छेदात मुद्द्यामागून मुद्दा घेतलेला बरा.

आठवड्याच्या शेवटी वह्या तपासल्या. शुद्धलेखनाची बोंब होतीच. 'म्हैस'ची 'म्हस' आणि 'म्हैश' दोन्ही झालेली. पण या वेळी वाचताना एकेका घरचा गोठा ओळखू येत होता.

शिंगांची दिशा दाखवणारी ती मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. "बाई, गाय न्हाई आमच्याकडं. दोन म्हशीच हायत. त्यांचीच तुलना केली तर चालंल?"

"दोन्ही म्हशीच, मग फरक काय लिहिणार?"

तिनं वही पुढे केली. मुद्द्याच्या रकान्यात एकच शब्द होता, 'पान्हा'. खाली लिहिलं होतं: 'आमच्या दोन्ही म्हशी पंढरपुरी आहेत. दोघीही काळ्या आहेत. थोरली आंबोणाची पाटी बघूनच पान्हा सोडते, तर धाकटी रेडकू लावल्याशिवाय सोडत नाही. थोरलीची धार कोणीही काढतं. धाकटीला मात्र आईच लागते.'

लाल पेन हातात होतं. 'म्हशी'चा 'शी' तेवढा ऱ्हस्व पडला होता. तो दीर्घ केला आणि वही परत दिली.