डिस्को संगीत आणि ध्वनिमुद्रिका-निर्मात्याचे कर्तृत्व : बिद्दू यांच्या कारकिर्दीचा परामर्श

हिंदी चित्रपटगीताचे श्रेय देताना गायक, गीतकार आणि संगीतकार या तिघांचीच नावे प्राधान्याने घेतली जातात. शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गीतांचा वाद्यमेळ रचणारे गोमंतकीय संयोजक सिबॅस्टियन डिसोझा सामान्य रसिकाला अपरिचितच राहिले. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात मात्र ध्वनिमुद्रिकेचा निर्माता ही स्वतंत्र सर्जक भूमिका मानली जाते. चित्रपटनिर्मात्याप्रमाणे तो केवळ भांडवल पुरविणारा नसतो; कोणते वाद्य किती ऐकू यावे, आवाज पुढे असावा की मागे, याचा निर्णय तोच घेतो. ही भूमिका हिंदी चित्रपटगीतात ठळकपणे आणण्याचे श्रेय बिद्दू यांच्याकडे जाते.

बंगळूरमध्ये जन्मलेल्या, कोडगू कुटुंबातील बिद्दू अप्पय्या यांची सुरुवात गिटारवादक व गायक म्हणून झाली. ‘ट्रोजन्स’ या वाद्यवृंदातून ते पाश्चात्त्य गीते सादर करीत. मुंबईतही त्यांनी काही काळ कार्यक्रम केले आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते इंग्लंडला गेले. तेथे उपजीविकेसाठी स्वयंपाकघरातील कामही त्यांना करावे लागले.

पुढे त्यांचे नाव ज्या डिस्कोशी जोडले गेले, त्याचा पाया म्हणजे मात्रांमागून मात्रा तितक्याच जोराने पडणारा ढोलाचा ठोका. मिनिटाला साधारण १२० ठोके, चारही मात्रा सारख्याच. कामतघर परिसरातील यंत्रमागांचा अखंड खडखडाट ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांना या एकसारखेपणाची कल्पना सहज येईल. परंतु निव्वळ ठोक्याने कोणी नाचत नाही. त्या ठोक्यांच्या मधल्या जागेत गिटारचे आखूड, तोडलेले आघात आणि खर्जातील बेस गिटारची धून शिरते, तेव्हा संगीत हालू लागते. अमेरिकेत ‘शिक’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक नाइल रॉजर्स यांनी हेच तंत्र परिपूर्णतेस नेले आणि पुढे निर्माते म्हणून १९८३ मध्ये डेव्हिड बोवी व १९८४ मध्ये मॅडोना यांच्या ध्वनिमुद्रिका घडविल्या. वादकाने निर्माता होण्याचा हा मार्ग बिद्दू यांनी त्यांच्या काही वर्षे आधीच चोखाळला होता.

१९७४ मध्ये कार्ल डग्लस यांचे ‘कुंग फू फायटिंग’ हे गीत बिद्दू यांनी निर्माण केले. मूळ योजनेनुसार ते तबकडीच्या दुसऱ्या बाजूसाठी होते आणि मुख्य गीतानंतर उरलेल्या अल्प वेळात मुद्रित झाले. तरीही ते ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत अग्रस्थानी पोहोचले. १९७६ मध्ये टीना चार्ल्स यांच्या ‘आय लव्ह टू लव्ह’ने ब्रिटनमध्ये तेच स्थान मिळविले.

भारतीय संदर्भात निर्णायक ठरले ते १९८० मधील ‘कुर्बानी’. चित्रपटाचे संगीतकार कल्याणजी-आनंदजी होते. तथापि फिरोज खान यांनी एक गीत बिद्दू यांच्याकडे सोपविले. इंदीवर यांचे शब्द आणि जेमतेम पंधरा वर्षांच्या नाझिया हसन यांचा आवाज घेऊन ‘आप जैसा कोई’ लंडनमध्ये साकारले. मुंबईत त्या काळी गायक व भलामोठा वाद्यमेळ प्रायः एकत्र बसून गीत मुद्रित करीत. बहुपदरी मुद्रणात प्रत्येक वाद्याचा पदर वेगळा ठेवून नंतर त्यांचे प्रमाण ठरविता येते. मुंबईच्या वादकांच्या कौशल्यात उणीव नव्हती. फरक होता तो कार्यपद्धतीचा. या गीतात वाद्ये मोजकी आहेत आणि त्यांच्यामधली मोकळी जागाही जाणीवपूर्वक राखलेली आहे. गीताबद्दलचा फिल्मफेअर पुरस्कार नाझिया यांना मिळाला.

१९८१ च्या ‘डिस्को दीवाने’ने चित्रपटाविना हिंदी गीतसंग्रह खपू शकतो हे दाखविले. चित्रपटबाह्य पॉप संगीताच्या दृष्टीने ही घटना ‘कुर्बानी’हूनही महत्त्वाची मानावी लागेल. १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांच्या आवाजातील ‘मेड इन इंडिया’ने तीच वाट रुंद केली. रसिकांच्या स्मरणात राहिले ते अलिशा यांचा स्वर आणि चित्रफितीतील मिलिंद सोमण. बिद्दू यांनी २०१० मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा त्यालाही त्यांनी ‘मेड इन इंडिया’ हेच नाव दिले.