चालण्याचा तास

वेल्ह्याकडच्या एका शाळेत इंग्रजीच्या तासाला पोरं वर्गभर लंगडत फिरतात, असं कानावर आलं, म्हणून गेलो. सरकारी कागदावर हा आता राजगड तालुका.

वर्ग सातवीचा. हजेरी झाली, बाकं भिंतीला लागली, फळ्यावर शब्द आले: लिम्प, मार्च, टिपटो, स्टॅगर, वेड, ट्रज, स्ट्रोल. मराठी अर्थ सांगायचा नाही. आधी मॅडम चालून दाखवणार, मग मुलं. शेवटी नुसता शब्द ऐकून पावलं टाकायची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी 1960च्या दशकात मांडलेली ही पद्धत. आधी ऐका, अंगानं करा; बोलणं मागाहून येतं.

‘लिम्प’ला हशा पिकला. ‘स्टॅगर’ला मागची दोन पोरं इतकी हुबेहूब भेलकांडली की मॅडमनी डोळे वटारले. ‘वेड’साठी त्यांनी एक पाय उपसून दाखवला, दुसरा उचलायच्या आत अख्खा वर्ग भातखाचरात उतरला होता.

‘ट्रज’ला मात्र एक मुलगी पुढं आली. खांदे पाडले, दप्तर वर सरकवलं आणि एकेक पाऊल ओढत भिंतीपर्यंत गेली. कुणी हसलं नाही. “रोज तीन किलोमीटर चालत येते,” मॅडम हळूच म्हणाल्या.

तीन किलोमीटर. शिक्षण हक्काच्या नियमांत सहावी ते आठवीसाठी शाळा 3 किलोमीटरच्या आत हवी. म्हणजे मुलगी नियमात चोख बसते. नियमाला चढ ठाऊक नसतो.

घोडं अडलं ‘स्ट्रोल’पाशी. हात मागं बांधून मॅडम रमतगमत चालल्या. तीच मुलगी म्हणाली, “कुठं जायाचंच नाय, तर चालायचं कशाला?”

“गुंजवण्याला रविवारी पुण्याची माणसं येतात, ती?”

“ती ट्रेक करत्यात!”

हा शब्द फळ्यावर नव्हता. (इंग्रजीनंही तो उसनाच घेतलाय, दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांच्या बैलगाडी-प्रवासातून.)

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं 2000 साली. स्पेलिंगं घोकणारे वर्ग मी पुष्कळ पाहिलेत. शब्द पाठ असतो, तोंडात येत नाही. इथं घंटा व्हायच्या आधी ती मुलगी आपणहून बोलली, “आय ट्रज टू स्कूल.” तीन किलोमीटर, चार शब्दांत.

याद्या पाठ करून घेणाऱ्या शिक्षकांनी एकदा बाकं भिंतीला लावून पाहावीत. खर्च काही नाही, थोडा गोंगाट होईल.