फास्टर फेणे पडद्यावर : एक अपेक्षाभंग

ज्यांचें बालपण मराठी पुस्तकांच्या सहवासांत गेलें, त्यांस फास्टर फेणे कोण हें सांगावयास नको. भास्कर रामचंद्र भागवत (१९१०–२००१) यांच्या लेखणींतून उतरलेला हा फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेंत शिकतो. देह हडकुळा, अंगांत चौकड्यांचा सदरा, हाताशीं सायकल, आणि कांहीं सुचलें कीं तोंडांतून 'टॉक्' असा आवाज. त्याच्या साहसांचीं पुस्तकें वीस आहेत. कधीं तो प्रतापगडावर असतो, कधीं काश्मिरांत, तर कधीं चक्रीवादळांत सांपडलेला. आमच्या मराठवाड्यांतील शाळांत हीं पुस्तकें ग्रंथालयाच्या कपाटांत फार काळ टिकत नसत. परत आलीं कीं त्याच दिवशीं दुसऱ्याच्या दप्तरांत जात, आणि मुखपृष्ठ शाबूत असलेली प्रत शिक्षकांच्या दृष्टीस क्वचितच पडे.

त्यांच्या जोडीला मुलांच्या हातीं इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ असे. १९६४ पासून १९९० पर्यंत निघालेल्या त्या चित्रकथा मराठींतहि वाचावयास मिळत. आम्ही मास्तर मंडळी त्या वर्गांत जप्त करीत असूं आणि मधल्या सुटींत स्वतः वाचीत असूं, हें आतां सांगावयास हरकत नाहीं. वेताळावर १९९६ सालीं अमेरिकेंत चित्रपट निघाला. तो तेथेंहि फारसा चालला नाहीं. चित्रकथेंत एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंतची उडी वाचकाच्या कल्पनेनें मारलेली असते. पडद्यावर ती जागाच उरत नाहीं. फेणेच्या गोष्टींत चित्रें थोडीं व शब्द पुष्कळ, तरी त्यांची जात तीच. वाचणारा मुलगा स्वतःच त्या सायकलीवर बसलेला असतो. फरक एवढाच कीं वेताळ दूरच्या अरण्यांतला आणि फेणे आपल्या पुढच्या आळींतला.

या फेणेवरील मराठी चित्रपट २७ ऑक्टोबर २०१७ रोजीं प्रदर्शित झाला. त्यापूर्वीं, १९८० नंतरच्या दशकांत, दूरदर्शनवर त्याची मालिका होऊन गेली होती व तींत सुमीत राघवन यांनीं फेणेचें काम केलें होतें. चित्रपट काढला तो रितेश व जेनेलिया देशमुख यांच्या मुंबई फिल्म कंपनीनें. दिग्दर्शन आदित्य सरपोतदार यांचें व लेखन क्षितिज पटवर्धन यांचें. देशमुखांचें घराणें बाभळगांवचें, म्हणजे लातूरच्या वेशीवरचें. तेव्हां आमच्याकडे या चित्रपटाविषयींचा जिव्हाळा जरा अधिकच होता. त्यांतून कथानक वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचें! लातूर-नांदेडच्या माणसास याहून जवळचा विषय दुसरा दाखवितां येणार नाहीं.

कथा थोडक्यांत अशी. बनेश फेणे (अमेय वाघ) या परीक्षेसाठीं पुण्यास येतो व भागवत नांवाच्या वृद्ध लेखकाकडे उतरतो. मूळ ग्रंथकारासच पात्र करून घरांत बसविण्याची ही युक्ति गोड आहे, आणि दिलीप प्रभावळकर यांनीं तें काम प्रसन्नपणें केलें आहे. परीक्षाकेंद्रावर फेणेची धनेश लांजेकर या मुलाशीं ओळख होते, आणि लवकरच धनेश मृत झाल्याची वार्ता येते. ती आत्महत्या ठरविली जाते. फेणेस तें पटत नाहीं. अबोली ही वार्ताहर मुलगी (पर्ण पेठे), भूभू हा रस्त्यावरचा पोर व अंबादास (सिद्धार्थ जाधव) यांच्या साह्यानें तो शोध घेऊं लागतो आणि परीक्षांचा काळा बाजार चालविणाऱ्या अप्पापर्यंत (गिरीश कुलकर्णी) जाऊन पोंचतो.

चित्रपट टाकाऊ आहे असें आमचें म्हणणें नाहीं. अनेकांस तो आवडला. अमेय वाघ यांच्या चेहऱ्यावर चलाखी आहे, आणि अप्पा तर असा वठला आहे कीं तो समोर आला म्हणजे नायकाची आठवण राहूं नये. पण ज्या चित्रपटांतून घरीं परततांना मनांत नायकाऐवजीं खलपुरुष घोळत राहतो, त्याच्या रचनेंत कोठें तरी खोट आहे असें समजावें.

मूळ कथेंत फेरफार केला, ही आमची तक्रार नव्हे. कालिदासानेंहि महाभारतांतील शकुंतलेचें उपाख्यान जसेंच्या तसें ठेविलें नाहीं. तेथील दुष्यंत शकुंतलेस ओळखतो आणि तरी भर सभेंत नाकारतो. कालिदासानें दुर्वासाचा शाप व हरवलेली अंगठी हीं आपल्या पदरचीं घातलीं, त्यामुळें राजा त्या कलंकांतून सुटला आणि नाटकास पश्चात्तापाची खोली आली. फेरफार झाला तो रसासाठीं. नवव्या शतकांतील आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोकां'त या गोष्टीचें तत्त्वच सांगून ठेविलें आहे : ज्या कथांचा रस लोकांच्या मनांत आधींच सिद्ध झालेला असतो, त्यांत त्या रसाला बाधक अशी स्वतःची कल्पना कवीनें घुसवूं नये. फेणेची गोष्ट म्हणजे रामायण नव्हे, एवढें आम्हांसहि कळतें. परंतु दोन-तीन पिढ्यांच्या मनांत तिचा रस ठरून गेलेला आहे. तो अद्भुत आहे आणि त्याला हास्याची फोडणी आहे. चित्रपटानें त्या पाटावर भयानकाला आणून बसविलें.

पुस्तकांतील फेणे संकट शोधीत जात नाहीं. संकट त्याच्या वाटेंत येतें. शाळेला निघावें, सायकल भलत्याच रस्त्याला वळावी, आणि पाहतां पाहतां स्वारी चोरांच्या मागें. अंगावर येईल त्या प्रसंगाला तो मुलाच्या बुद्धीनें व मुलाच्या बळानें तोंड देतो, आणि सगळी मौज त्या विषम सामन्यांत आहे. त्याला वयांत आणून त्याच्या हातीं खुनाचा तपास दिला कीं तो चारचौघांसारखा एक गुप्त पोलीस होतो. मग सायकल नुसती शोभेची राहते. तो 'टॉक्' तर अगदींच केविलवाणा वाटतो. बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडीं तो खोडकरपणा होता, मिसरूड फुटलेल्या तरुणाच्या तोंडीं तो जाहिरातीचा घोष वाटतो. यावर कोणी म्हणेल, वाचक मोठे झाले तसा फेणेहि मोठा झाला, त्यांत वावगें काय? उत्तर असें कीं, वाचक मोठे झाले तरी मुलें जन्मास यावयाचीं थांबलेलीं नाहींत. आज आठ-दहा वर्षांच्या मुलास हा फेणे आपला वाटत नाहीं, आणि जुना त्याला कोणी दाखवीत नाहीं.

तथापि एवढ्यानेंच लेख लिहावयास आम्ही बसलों नसतों. खरी निराशा झाली ती परीक्षेच्या बाबतींत.

लातुरास ही परीक्षा म्हणजे काय आहे, हें बाहेरच्या वाचकांस थोडें सांगितलें पाहिजे. १९७० सालीं निघालेलें राजर्षी शाहू महाविद्यालय व त्याच्या बरोबरीच्या संस्थांनीं बोर्डाच्या गुणवत्ता यादींत आपलीं मुलें नेऊन दाखविलीं आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर झाला. जादा तास, सराव-परीक्षा, पुन्हा सराव-परीक्षा, असा तो खाक्या. पुढें गुणवत्ता याद्या गेल्या, प्रवेशपरीक्षा आल्या, आणि शाळा-महाविद्यालयांचें काम खाजगी शिकवण्यांनीं उचललें. आज लातूरच्या उद्योग भवनाच्या परिसरांत, तसेंच नांदेडांतहि, बीड, परभणी, हिंगोलीकडचीं मुलें-मुली खोल्या करून राहतात. खानावळीचा डबा, भिंतीवर चिकटविलेलीं सूत्रें, आणि खिडकींत वाळत घातलेला एकुलता टॉवेल. कोणाच्या बापानें त्यासाठीं एकर-दोन एकर काढलेलें असतें, कोणाच्या आईनें गळ्यांतलें गहाण टाकलेलें असतें. २०१७ सालीं 'नीट' म्हणजे तीन तासांत १८० प्रश्न व ७२० गुण. त्या तीन तासांवर घराचा सगळा हिशोब.

असा विषय हातीं असतां चित्रपटानें त्याचें काय केलें? खुंटी केली, आणि तीवर पाठलाग टांगले. धनेशच्या मृत्यूवर सगळी कथा उभी. परंतु त्याच्या घरीं त्या परीक्षेवर काय काय लावलेलें होतें, त्याला रात्रीं झोंप येत होती कीं नाहीं, हें पाहावयास चित्रपट थांबत नाहीं. त्याला पुढच्या गल्लींत धांवावयाचें असतें. सगळें पाप अप्पाच्या डोक्यावर ठेविलें आहे. अप्पा हरला कीं प्रेक्षक हलका होऊन घरीं जातो. पण अप्पाचें दुकान चालतें तें गिऱ्हाइकामुळें, आणि हें गिऱ्हाईक गुंड नसतें. तें आपल्यासारखें घरंदाज, मुलाच्या काळजीनें पोखरलेलें माणूस असतें. त्याच्याकडे चित्रपट डोळा भरून पाहत नाहीं. तसें पाहिलें असतें, तर पाठलागांपेक्षां अधिक भय त्यांत होतें.

हें कांहीं कल्पनेच्या बाहेरचें नव्हतें. मध्य प्रदेशांतील व्यापमचें प्रकरण २०१३ सालींच उघडकीस आलें होतें, आणि त्यांत गुंतलेल्या माणसांच्या संशयास्पद मृत्यूंच्या वार्ता पुढें देशभर गाजल्या होत्या. आणि नंतर तें लोण आमच्या दारींहि आलें. ५ मे २०२४ रोजीं 'नीट' परीक्षा झाली. देशांतून तेवीस लाखांहून अधिक मुलें बसलीं. प्रश्नपत्रिका फुटल्याच्या तक्रारी झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि २३ जुलै २०२४ रोजीं न्यायालयानें सबंध परीक्षा पुन्हा घेण्यास नकार दिला. त्याच वर्षीं जून महिन्यांत लातूर येथें पैसे घेऊन गुण वाढवून देण्याच्या आरोपावरून दोन शिक्षकांस अटक झाली. आरोपाचा निवाडा करणें न्यायालयाचें काम, आमचें नव्हे. परंतु आरोपींचा धंदा वाचून आमच्यासारख्या खडूवर जन्म काढलेल्या मनुष्याच्या हातांतलें वर्तमानपत्र खालीं आलें. पडद्यावरचा अप्पा हा शाळेबाहेरचा मनुष्य आहे. त्याला पाहून आपण निर्धास्तपणें म्हणूं शकतों, हा आपल्यांतला नव्हे.

हा चित्रपट आम्ही लातुरांतच पाहिला. पुढच्या तीन ओळी शिकवणीच्या मुलांनीं भरलेल्या होत्या. विनोदाला तीं हंसलीं, मारामारीला शिट्ट्या झाल्या. परीक्षाकेंद्राचा देखावा आला तेव्हां मात्र तेथें कोणी बोलत नव्हतें. दिग्दर्शकानें ती शांतता पाहावयास हवी होती. मध्यंतरांत त्यांतलीं दोघें जिन्यावर उभीं राहून रविवारच्या सराव-परीक्षेचा अभ्यासक्रम एकमेकांस विचारीत होतीं. फेणेविषयीं एक अक्षर नाहीं.

आतां ज्या घरांत लहान मुलें आहेत तेथील पालकांसाठीं दोन शब्द. भागवतांचीं पुस्तकें पुण्याच्या उत्कर्ष प्रकाशनानें काढलेलीं आहेत. प्रारंभ 'फुरसुंगीचा फास्टर फेणे' यानें करावा, 'प्रतापगडावर फास्टर फेणे' मागून द्यावें. आणि मुलास तीं आवडलीं तर भागवतांनीं मराठींत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या कथांकडे वळावें. चित्रपट आधीं दाखवूं नये. पुस्तकें मे महिन्याच्या सुटींत द्यावींत, म्हणजे पांचवीच्या मुलांसहि त्या सुटींत शिकवणीचा वर्ग लावलेला नसेल तर.