पहिला रणगाडा : टी-३४

१:३५ प्रमाणातला सोव्हिएत टी-३४ मॉडेल बनवणाऱ्या नवशिक्यासाठी उत्तम, कारण त्याची ठेवण साधी आहे. सुटे भाग साच्याच्या चौकटीतून कटरने काढा, कडा पॉलिशपेपरने घासा. तोफेच्या नळीवरचा सांधा मात्र पूर्ण नाहीसा झालाच पाहिजे.

खरी सुधारणा पट्ट्यांत आहे. या रणगाड्याला पट्टा वर उचलून धरणारी छोटी चाकं नव्हती. जड पोलादी पट्टा मोठ्या चाकांवरच टेकायचा. किटमधला मऊ पट्टा ताठ राहतो, म्हणून तो चाकांवर दाबून सुपरग्लूने चिकटवा. ओतीव बुरुजाचा खडबडीतपणा हवा असेल, तर पातळ पुट्टी राठ ब्रशने ठोकत लावा. रंग त्यानंतरच, पातळ थरांत. महागडे धातूचे जोडभाग पहिल्या खेपेला घेऊ नका.